२,३४० रुपयांचं बिल

आमच्या फुटबॉल क्लबच्या जमाखर्चाची वही माझ्याकडे असते. निळ्या पुठ्ठ्याची, फुलस्केप. २०१८-१९ च्या पानांमध्ये एक बिल टाचणीनं लावलेलं आहे. सरावासाठी चाळीस कोन (प्लास्टिकचे छोटे शंकू), पंधरा बिब (शर्टावर चढवायच्या रंगीत बंड्या) आणि एक शिट्टी, एकूण २,३४० रुपये. मागच्या बाजूला आमच्या तेव्हाच्या कोचची सही आणि तारीख. मंजुरीची सही जिथं हवी तिथं कोरं. टाचणी गंजली आहे, तिचा तांबूस डाग कागदावर उतरलाय. दर मार्चमध्ये हिशेब जुळवताना ते पान समोर यायचं आणि मी ते उलटायचे.

क्लब खडकीच्या बाजूचा. माझे वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. भोंगा झाला की डबा सायकलला अडकवून थेट ग्राउंडवर जाणाऱ्या दहा-बारा जणांनी तो काढला. पुण्यात फुटबॉल कुठला, असं सदाशिव पेठेतल्या माझ्या सासरी अजूनही विचारतात. पण लष्कराच्या छावण्यांच्या कडेकडेनं, खडकीत, कॅम्पात, घोरपडीत तो कधीचा रुजलेला आहे. वडील गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी सहकारी बँकेत नोकरीला, आकड्यांची सवय, म्हणून कमिटीनं खजिनदार केलं. फुटबॉल मला कळतो तो लाईनवर उभं राहून पाहिल्यामुळे. खेळले मी कधीच नाही.

ज्याच्या सहीचं ते बिल आहे त्याला सगळे आठ नंबर म्हणायचे. पंधरा वर्षं तोच शर्ट. भोसरीत एका कारखान्यात फिटर, पहिली पाळी संपली की तीन वाजता बाईक काढायचा आणि चारला ग्राउंडवर हजर. धावायला तो फार वेगवान कधीच नव्हता. बॉल पायाशी आला की मान वर करायचा आणि आजूबाजूचं सगळं जरा हळू व्हायचं. एसएसपीएमएसच्या ग्राउंडवर, ऑक्टोबरच्या उन्हात, दोघं अंगावर येत असताना त्यानं न बघता मागं दिलेला एक पास माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. गोल झाला नव्हता त्यातून. तरी तो पास आठवतो.

२०१८ च्या मार्चमध्ये बालेवाडीत एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरू यांची सेमीफायनल झाली. ०-० सुटली. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल मारले आणि पुण्याचा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) पहिलाच प्लेऑफ तिथं संपला. पण बालेवाडीची ती संध्याकाळ आमच्या कमिटीच्या डोक्यात राहिली. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत या शहरानं काय काय पाहिलं होतं! २००७ साली निघालेला पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आल्या आल्या, २००९-१० ला तिसरा आला. २०१२-१३ ला डेरिक परेरांच्या हाताखाली दुसरा. २०१५ ला बंद. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ ला संपला. आम्ही यातून काय शिकायला हवं होतं ते उघड आहे. आम्ही नेमकं उलटं वाचलं. मोठ्या क्लबांच्या जागा रिकाम्या झाल्या, म्हणजे वर जायची वाट मोकळी, असं आम्हाला वाटलं.

त्यात एक प्रायोजक मिळाला, जमीन-बांधकामातला माणूस. त्याला दोन वर्षांत जिल्हा लीगची सगळ्यात वरची डिव्हिजन हवी होती आणि पुढं आय-लीगची सेकंड डिव्हिजन. नवे शर्ट आले, शॉर्ट्स आल्या, फ्लेक्स लागला. जुने कोच थकले होते, त्यांनी निरोप घेतला. मग गणेश मंडळाच्या खोलीत, आरासीच्या सामानाच्या मधोमध खुर्च्या टाकून आम्ही नवा कोच ठरवला. बाहेरून माणूस आणायचा तर महिना पंचवीस हजार. आठ नंबर गुडघ्यामुळे तसाही खेळणं सोडणार होता. तो सहा हजारांत तयार झाला. पोरं त्याला मानतात, लोकांना तो आवडतो, क्लबचं रक्त आहे, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण वहीत सहा आणि पंचवीसमधला फरक मीच लिहिला होता. त्या रात्री आमच्या श्रद्धेत त्या एकोणीस हजारांचा वाटा किती होता, हे मला ठाऊक आहे.

त्यानं एकच गोष्ट मागितली. कोचिंगच्या डी लायसन्सच्या कोर्सला नाव घातलंय, तो होऊ द्या, तोवर ज्युनियरची पोरं सांभाळतो, पुढच्या वर्षी सीनियर टीम घेतो. प्रायोजकाचा माणूस म्हणाला, पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, मुलानं मोबाईल माझ्यापुढं धरला. घरात सगळे कोंडलेले, पुण्यात ग्राउंडं बंद. ‘आई, पिर्लोला युव्हेंटसचा कोच केलं.’ मी विचारलं, कुणाच्या हाताखाली होता इतके दिवस? ‘कुणाच्याच नाही. आठवड्यापूर्वी त्यांच्या अंडर-२३ टीमला लावला होता. एकही मॅच झाली नाही अजून.’

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली.

इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो आमच्या घरात पूर्वीपासून होता. २००६ च्या वर्ल्ड कपची इटली-फ्रान्स फायनल मी वडिलांबरोबर पाहिली होती. मातेरात्सीनं डोक्यानं केलेला गोल पिर्लोच्या कॉर्नरवर आला. पेनल्टींमध्ये इटलीची पहिली किक त्यानं मारली. फ्रान्सच्या डेव्हिड त्रेझेगेचा फटका बारवर आपटला आणि कप इटलीला गेला. तोच त्रेझेगे २०१४ साली एफसी पुणे सिटीकडून खेळायला आला. मी मुलाला घेऊन बालेवाडीला गेले होते. मुलगा अकरा वर्षांचा. बर्लिनमध्ये बारवर बॉल मारणारा माणूस पुण्यात आपल्यासमोर वॉर्मअप करतोय, हे त्याला समजावून सांगताना माझाच आवाज बारीक झाला होता. त्रेझेगेनं दहा वर्षं इटलीतल्या तूरिनच्या युव्हेंटसमध्ये काढली होती. मुलानं त्या दिवसापासून तो क्लब धरला, तो आजतागायत.

त्या क्लबची आस मोठी होती. २०१२ पासून २०२० पर्यंत सलग नऊ वर्षं इटलीची लीग त्यांनी जिंकली, त्यातल्या पहिल्या चार विजेतेपदांत पिर्लो खेळत होता. युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग मात्र १९९६ नंतर नाही. त्यानंतर पाच फायनल हरले. २०१५ ची फायनलही बर्लिनमध्येच, त्याच स्टेडियममध्ये. बार्सिलोनाकडून ३-१. पिर्लोची युव्हेंटसकडून ती शेवटची मॅच, आणि संपल्यावर तो मैदानावर रडत उभा होता. तो एक कप मिळावा म्हणून २०१८ ला क्लबनं १० कोटी युरो मोजून रोनाल्डो आणला. २०२० ला कोच सारींनी लीग जिंकून दिली, पण चॅम्पियन्स लीगमध्ये लिऑनकडून बाहेर पडावं लागलं. दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, सारींना काढलं आणि त्याच संध्याकाळी पिर्लोला नेमलं. अंडर-२३ साठी त्याची नेमणूक ३० जुलैची. मध्ये नऊ दिवस.

लोक तेव्हा खेळाडूचे कोच झालेल्या ग्वार्डिओला आणि झिदानचे दाखले देत होते. मला ते पटले नाहीत. ग्वार्डिओलानं आधी एक अख्खा हंगाम बार्सिलोनाच्या बी टीमबरोबर चौथ्या पातळीवर काढला होता. झिदान रेआल माद्रिदच्या राखीव टीमबरोबर दीड वर्ष होता. जिथं चुकलं तरी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येत नाही अशा जागी ते दोघं आपल्या चुका करून आले होते. आठ नंबरनं तेवढंच मागितलं होतं.

कोव्हरचानोला, फ्लॉरेन्समधल्या इटालियन कोचांच्या शाळेत, पिर्लोनं आपला प्रबंध सप्टेंबरमध्ये सादर केला. ‘मला हवा असलेला फुटबॉल’ असं काहीसं त्याचं नाव होतं. ११० पैकी १०७ गुण. बॉल आपल्याकडे ठेवायचा, गेला तर तत्काळ परत मिळवायचा, मैदानभर जागा धरून उभं राहायचं. ज्या टीममधून तो ही दृष्टी घेत होता त्यांची नावंही त्यानं दिली होती: क्रायफची बार्सिलोना, व्हान गालचं आयाक्स, अँचेलोत्तीचा मिलान, कोन्तेचं युव्हेंटस. काही दिवसांतच, २० सप्टेंबरला, त्याची आयुष्यातली पहिली मॅच कोच म्हणून. साम्पदोरियावर ३-०.

आठ नंबरकडेही वही होती. दोनशे पानी, लाल रेघांची, मधली पानं पावसानं फुगलेली. गोलकीपरपासून बॉल जमिनीवरून खेळत पुढं न्यायचा, लांब मारायचा नाही, असं त्याचं स्वप्न. पानापानावर ठिपके आणि बाण. मला एकदा त्यानं अर्धा तास समजावलं होतं, कारण कोन कशाला लागतात हे मी विचारलं होतं. चाळीस कोनांनी तो ग्राउंडचे चौकोन पाडायचा आणि पोरांना चौकोनांतून फिरवायचा. आमचं ग्राउंड म्हणजे मुरूम आणि खडी, पावसाळ्यात चिखल. बॉल कुठं उसळेल याचा भरवसा नाही. तिसऱ्या मॅचला गोलकीपरनं डावीकडे दिलेला बॉल पाण्याच्या डबक्यात अडकला आणि समोरच्यानं तो रिकाम्या गोलमध्ये सारला. लाईनवरून आमचेच लोक ओरडले, ‘अरे, मार की लांब!’

२१ मार्च २०२१ ला तूरिनमध्ये बेनेव्हेन्तो आलं होतं. नुकतीच वर चढलेली, त्या हंगामाअखेर परत खाली गेलेली टीम. त्यांचा कोच फिलिप्पो इन्झागी, पिर्लोचा मिलानमधला जुना सोबती. युव्हेंटसच्या आर्थुरनं स्वतःच्याच गोलसमोरून आडवा पास दिला आणि तो सरळ बेनेव्हेन्तोच्या गाइचला मिळाला. ०-१. स्टँड रिकामे होते, साथीमुळे. त्या शांततेत बेंचजवळ उभा असलेला पिर्लो टीव्हीवर दिसला. दाढी वाढलेली, चेहऱ्यावर काही नाही. मुलगा रागानं उठून गेला. मी डबक्यात अडकलेला बॉल बघत बसले.

पास चुकीचा होता, हे खरंच. पण त्या कल्पनेला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कल्पना हाडीमाशी मुरायला काही महिने, काही हंगाम लागतात. तेवढ्यात चुका होणारच. त्या चुकांची किंमत कोण भरणार, हे नेमणूक करतानाच ठरवायला हवं होतं. तूरिनमध्ये ते कुणी ठरवलं नव्हतं, आणि गणेश मंडळाच्या खोलीतही नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. पिर्लोच्या ड्रेसिंग रूममध्ये बुफॉन, किएलिनी, बोनुची बसलेले होते. तिघंही त्याच्याबरोबर खेळलेले, बुफॉन आणि बोनुची तर २०१५ ला बर्लिनच्या त्या रात्री त्याच्याबरोबर हरलेले. आता त्यांना बेंचवर बसवायचं की नाही हे त्यानं ठरवायचं. आमचा गोलकीपर आठ नंबरचा शाळेपासूनचा मित्र. डबक्याच्या मॅचनंतर त्याला बसवून एकोणीस वर्षांच्या पोराला खेळवलं. पुढच्या मॅचला गोलकीपर आलाच नाही. त्याच्या बायकोनं आठ नंबरच्या बायकोशी बोलणं टाकलं. दोघी एकाच चाळीत, एकाच नळावर. त्या काळात तो माझ्या बँकेत पैसे भरायला आला होता. काउंटरवर मी नुसतं ‘कसं चाललंय’ म्हटलं तर म्हणाला, ‘ताई, खेळत होतो तेव्हा मॅच नव्वद मिनिटांत संपायची.’

सात मॅच, पाच पॉइंट. प्रायोजकानं निरोप पाठवला. पुन्हा तीच खोली, त्याच खुर्च्या. आठ नंबर बाहेर पायरीवर बसला होता, त्याला आत बोलवायचं कुणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी बोलले नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला. सचिवांनी बाहेर जाऊन त्याला सांगितलं. तो आत आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि खिशातून बिल काढून माझ्यासमोर ठेवलं. ‘एवढं राहिलंय ताई.’ पगारातून आणलं होतं सामान. सचिव म्हणाले, बघू नंतर. मी ते टाचणीनं लावलं.

अनुभवी कोच आले. पंचवीस हजारांत. टीम वर चढली नाही. त्याच वर्षी एफसी पुणे सिटीही संपली आणि आयएसएलमधली तिची जागा हैदराबादला गेली. पाच हंगामांत तिनं कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, फिल ब्राऊन असे एकाहून एक अनुभवी कोच पाहिले होते. दर वर्षी नवा माणूस. आमच्या प्रायोजकानं पुढच्या हंगामाचा चेक दिला नाही.

म्हणून २०२०-२१ चा तो हंगाम मी रात्र रात्र जागून पाहिला. मुलगा क्लबसाठी बघायचा, मी त्या एका माणसासाठी. बार्सिलोनाच्या मैदानावर ३-० जिंकले तेव्हा मला वाटलं, जमलं. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर फिओरेंतिनाकडून ०-३. जानेवारीत इटलीचा सुपर कप जिंकला. मार्चमध्ये पोर्तो, आपल्या रात्री दीड वाजता. पोर्तोचा एक खेळाडू ५४ व्या मिनिटाला बाहेर गेला, दहा जणांशी खेळताना मॅच जादा वेळेत गेली. ११५ व्या मिनिटाला ऑलिव्हेराची फ्री किक. भिंतीत उभ्या रोनाल्डोनं उडी मारून पाठ वळवली आणि बॉल खालून गोलमध्ये गेला. युव्हेंटसनं ती रात्र ३-२ जिंकली. दोन्ही मॅच मिळून ४-४, पण दुसऱ्याच्या मैदानावर पोर्तोचे गोल जास्त. बाहेर. वॉलमध्ये पाठ वळवू नये हे शाळेतल्या पोरालाही सांगतात. सकाळच्या बातम्यांत दोष मात्र कोचच्या अननुभवाचा होता.

१८ एप्रिलला ते अटलांटाकडून १-० हरले. त्याच रात्री बारा मोठ्या क्लबांनी स्वतःची सुपर लीग काढत असल्याचं जाहीर केलं. पुढाकार घेणाऱ्यांत युव्हेंटसचे अध्यक्ष आन्येल्ली होते. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागं फिरले आणि तो डोलारा बसला. मला त्या बातमीचा संताप आला होता, आजही येतो. स्वतःची टीम अटलांटाच्या बर्गामोत धडपडत असताना मालक युरोपभर घर बांधायला निघाले होते. मधल्या अंतरात एक चाळीशीतला, पहिल्याच वर्षाचा कोच उभा होता, आणि ते अंतर त्यानं एकट्यानं भरून काढावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

१९ मे ला त्यानं इटालियन कप जिंकला, अटलांटावर २-१. त्या दिवशी त्याचा बेचाळिसावा वाढदिवस होता. २३ तारखेला बोलोन्यात ४-१ जिंकले, तिकडे नापोलीला वेरोनानं १-१ वर अडवलं आणि युव्हेंटस ७८ पॉइंटांवर चौथं आलं, चॅम्पियन्स लीगची जागा मिळाली. लीग मात्र इंटरला गेली, म्हणजे कोन्तेला, ज्याच्या हाताखाली पिर्लो खेळला होता. २८ मे ला पिर्लोला काढलं. सारींच्या आधीचे कोच अल्लेग्री परत आले, सिद्ध झालेला माणूस. पुढच्या वर्षी पुन्हा चौथं, पण ७० पॉइंट आणि एकही कप नाही. हे आकडे मी त्या निळ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. कशासाठी ते सांगता येत नाही. बँकेतली सवय असेल.

पिर्लो नंतर तुर्कस्तानात गेला, मग साम्पदोरियाला, इटलीच्या दुसऱ्या पातळीवर. तिथं पहिल्या वर्षी प्लेऑफ गाठला, दुसऱ्या वर्षी हंगाम सुरू होतो न होतो तोच गेला. तो मोठा कोच होणार होता की नव्हता, हे आता कुणी सांगू शकत नाही. आठ नंबरचंही तसंच.

या वर्षी वार्षिक मीटिंगमध्ये मी ते बिल वाचून दाखवलं. नव्या सचिवांना काहीच माहीत नव्हतं. जुने दोघं खाली बघत बसले. मंजूर झालं.

रविवारी सकाळी बोपोडीला गेले. एका शाळेच्या पटांगणात तो आठ-दहा वर्षांच्या पोरापोरींना शिकवतो, डी लायसन्स झालंय त्याचं. पटांगणभर चौकोन आखलेले. केशरी कोन, उन्हानं फिके पडलेले, एक-दोनांची कड कुरतडलेली. एक बारकी मुलगी बॉल पायाखाली धरून मान वर करून बघत होती, कुठं द्यावा. तो ओरडला नाही. तिनं चुकीच्या पोराला दिला. तो म्हणाला, ‘बघितलंस ना? छान. आता परत.’

मी पाकीट पुढं केलं. त्यानं आधी ओळखलंच नाही कशाचं ते. बिल बघितल्यावर बराच वेळ हातात धरून उभा राहिला.

‘एकतीस राहिलेत ताई. नऊ गेले.’

‘बिल चाळीसचं आहे,’ मी म्हटलं.

पावतीवर सही करायला त्यानं माझंच पेन घेतलं. पोरीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली, ती गुदगुल्या झाल्यासारखी हलली, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं. मग थांबला.

‘तारीख कुठली टाकू? तेव्हाची की आजची?’

‘आजची टाक,’ मी म्हटलं. तोवर पलीकडच्या चौकोनात बॉल बाहेर गेला होता आणि पोरं त्याला हाका मारत होती.